डावी कूस चार बोटे वर

मित्रांनो, पाण्याबाहेर काढलेली नाव तुम्ही कधी पाहिली आहे का? पाण्यात दिसते त्याच्या दुप्पट ती मोठी दिसते, आणि तेवढीच असहाय. मी एक जुनी मालवाहू नाव आहे. लांबट, सपाट बुडाची, लोखंडी. इकडे फ्रान्समध्ये आम्हांला पेनिश म्हणतात. सध्या मी सोन नदीकाठच्या एका कोरड्या गोदीत लाकडी ठोकळ्यांवर बसून आहे. अंगावरचे शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे गळत आहेत. माझ्या डाव्या कुशीवर खडूने एक वर्तुळ काढलेले आहे. उद्या सकाळी गोदीचा माणूस गॅसची ज्योत घेऊन येईल. वर्तुळातले लोखंड कापायचे हे ठरले आहे. वर्तुळाबाहेरचे किती कापावे लागेल, ते कापायला घेतल्यावरच कळेल. काही नावांच्या बाबतीत ते कापणे थांबतच नाही. शेजारच्या ठोकळ्यांवर गेल्या हिवाळ्यात एक नाव होती. आता तिथे नुसते ठोकळे आहेत.

म्हणून बोलायचे ते आजच बोलते.

माझा जन्म उत्तरेला, एस्को नदीच्या काठी झाला. लोखंडाचे पत्रे एकावर एक ठेवून लालभडक तापवलेल्या रिव्हेटांनी, म्हणजे लोखंडी खिळ्यांनी, ते शिवले गेले. एक जण रिव्हेट फेकी, दुसरा चिमट्यात झेली, तिसरा ठोकी. माझ्या अंगावर असे हजारो घाव आहेत आणि त्या प्रत्येक घावाने मला जोडलेच आहे. त्यामुळे हातोडीची मला भीती वाटत नाही. माझे नाव ठेवले बर्जरोनेत, म्हणजे धोबी पक्षी. पाण्याच्या कडेने शेपटी हलवत चालणारा तो लहानसा पक्षी तुम्हीही पाहिला असेल.

देल्व्हाल कुटुंबाने मला पाण्यात उतरवून घेतले आणि मग ते माझ्यावरच राहिले. मागच्या चिंचोळ्या खोलीत त्यांचा संसार होता. पुढच्या लांबलचक पोटात माल. खाणींचा कोळसा खाली न्यायचा, येताना गहू, वाळू, बीट. कालव्यावर ठिकठिकाणी पाण्याचे दरवाजे असतात. दोन दगडी भिंतींच्या मध्ये नावेने शिरायचे, मागचा दरवाजा लागतो, पाणी चढते किंवा उतरते, मग पुढचा दरवाजा उघडतो. त्या भिंतींच्या मध्ये माझ्या दोन्ही बाजूंना जेमतेम तळहाताएवढी जागा उरते. वारा असला की तीही उरत नाही. माझ्या दोन्ही कुशी त्या दगडांवर घासूनच म्हाताऱ्या झाल्या आहेत.

आंसेल्म देल्व्हाल माझ्या मागच्या खोलीत जन्मला. रांगायला लागल्यावर आईने त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि पट्ट्याची दोरी डेकवरच्या कडीला अडकवली. नाववाल्यांची सगळी मुले अशीच बांधलेली वाढतात. पुढे त्याची मुलगी सोलांज त्याच कडीला बांधली गेली. दोरी जिथे संपते तिथे पाण्याची कड एक हात लांब राहिली पाहिजे, असा नियम. ती मोजून बांधणारे माणूस चुकत नाही असे लहान मुलाला वाटते. मोठे झाल्यावरही ते मनातून जात नाही.

मग ट्रक आले आणि माल गेला. माझ्या बरोबरच्या कितीतरी जणी मोडीत निघाल्या. आंसेल्मने मला मोडले नाही. त्याने माझ्या पोटाला खिडक्या पाडल्या, आत खोल्या केल्या, लांब जेवणाचे टेबल ठेवले. कोळशाच्या जागी माणसे आली. वसंतापासून पाने गळेपर्यंत मी पाहुण्यांना घेऊन बुर्गोन्यच्या कालव्यावर हळूहळू चालत असे. काठावरच्या सायकली माझ्या पुढे निघून जात. पाहुणे माझ्या पितळेवर हात फिरवत. काय सुंदर नाव आहे, असे म्हणत. मित्रांनो, कौतुक मला आवडले नाही असे मी म्हणणार नाही.

एकच जुनी गोष्ट त्याने ठेवली. स्वयंपाकघरात, डाव्या भिंतीला लागून, शेगडीसाठी कोळशाची पेटी होती. पेटीला मागची फळी नव्हती. कोळसा सरळ माझ्या अंगाला टेकून असे. कोळसा हा वाईट सोबती आहे. कोरडा असतो तोवर गप्प बसतो. ओल लागली की लोखंड खायला लागतो. सावकाश, बाहेरच्या रंगाला कळू न देता.

आता हातोडीविषयी सांगते.

पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी नाववाले नाव तयार करतात. दोर बदलतात, इंजिनाला वंगण घालतात, टाक्या धुतात, गाद्यांना ऊन दाखवतात. पण त्या सगळ्याच्या आधी एक काम असते. लहानशी हातोडी घेऊन नावेच्या आतून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, पत्र्यामागून पत्रा ठोकत जायचे. चांगले लोखंड टण्ण म्हणते. थकलेले लोखंड थप्प म्हणते. ज्याच्या हाती सुकाणू त्याच्याच हाती हातोडी. हे काम दुसऱ्याला सांगायचे नाही आणि रंगाचा डबा त्याआधी उघडायचा नाही. सोलांज लहान असताना बापाच्या मागून दिवा धरून चाले. थप्प असा आवाज आला तर आपल्याला आधी कळावे म्हणून ती श्वास रोखून धरी.

ती शिकली, दिजाँला वाचनालयात कामाला लागली. दिवा धरायला मग कोणी राहिले नाही. आंसेल्म दिवा दातांत धरून एकटाच ठोकत जाई.

गेल्या वसंतात त्याने कोळशाची पेटी रिकामी केली आणि तिच्यामागे ठोकले. थप्प.

त्याने पुन्हा ठोकले, हलक्या हाताने. मग हातोडी खाली ठेवून तो नुसता तळहात लावून बसला. जागा मोठी नव्हती. एका ताटाएवढी. नेमकी पाण्याच्या रेषेला लागून, थोडी वर, थोडी खाली. गोदीत शरद ऋतूपर्यंत जागा नव्हती आणि पाहुण्यांना शब्द गेलेला होता. सोलांजला सांगितले असते तर ती नोकरी टाकून धावत आली असती. ते त्याला नको होते.

त्याने गंज खरवडला. त्यावर गंजरोधक लाल रंग लावला, भरपूर, दोन हात. पुढे एक फळी लावली आणि पेटीत परत कोळसा भरला. जखमेवर सदरा ओढून घ्यावा तसा. मग तो जेवणाच्या खोलीतल्या फरशीच्या फळ्या उचलू लागला. माझ्या बुडात दगड आहेत. रिकामी नाव पाण्यावर फार उंच तरंगते आणि वाऱ्याने भिरभिरते, म्हणून वजनाला ठेवलेले. त्याने डावीकडचे दगड उचलून उजवीकडे नेले. त्याच्या छातीत तेव्हाच घरघर होती. एक दगड उचलायचा, चार पावले चालायचे, ठेवायचा, भिंतीला टेकून उभे राहायचे. पुन्हा वाकायचे. हे काम त्याने अनेक दिवस केले. ते संपले तेव्हा माझी उजवी कूस खाली गेली आणि डावी चार बोटे वर आली. ती थकलेली जागा पाण्याबाहेर निघाली. आता तिथे भोक पडले तरी आत फक्त वारा येणार होता.

तेव्हापासून मी कलून चालू लागले.

शेजारच्या नावेवर लेओंतीन राहते. तीही नाववाल्यांचीच, नवरा गेल्यापासून एकटी, गुडघे गेलेले पण जीभ शाबूत. तिने काठावरूनच हाक मारली, "काय रे आंसेल्म, तुझी बाई कुठून पिऊन आली?"

"वय झालं की एका कुशीवर झोपावंसं वाटतं," तो म्हणाला. "तुला नाही वाटत?"

"मला दोन्ही कुशींवर झोप लागते. मन साफ आहे माझं."

"मग माझ्या वाटचीही झोप."

काठावरचे सगळे हसले. हसण्यावर नेले की कोणी पुढे विचारत नाही, हे त्याला माहीत होते. रविवारी सोलांजचा फोन येई. तो म्हणे, "सगळं ठीक. नाव ठीक, मी ठीक." त्या दोन वाक्यांत जे मावले नाही ते सगळे उजवीकडच्या फळ्यांखाली होते.

शरद ऋतू आला तेव्हा तो इस्पितळात होता. गोदीतला आमचा नंबर दुसऱ्या नावेला गेला. कडाक्याच्या थंडीत, कालवा दुरुस्तीसाठी बंद असताना, आंसेल्म वारला. सगळ्या नावा जागच्या जागी बांधलेल्या होत्या. त्याची अंत्ययात्रा काठावरून गेली तेव्हा त्यांनी एकापाठोपाठ एक भोंगे वाजवले. माझा भोंगा वाजवायला कोणी नव्हते.

मार्चमध्ये सोलांज आली. पन्नाशीची बाई, केस आखूड कापलेले, बोलणे मोजके. वर्षभराची रजा घेऊन आली होती. बापाने शब्द दिलेले पाहुणे बापाच्याच नावेवरून फिरवून आणायचे आणि मग नावेचे काय ते ठरवायचे, असे तिच्या मनात होते. लहानपणीच्या खोलीत, लहानपणीच्या अरुंद पलंगावर ती झोपू लागली. तिने दिवसभर काम केले. ती रडली असेल तर माझ्यापुढे नाही.

तिने आधी हातोडीच घेतली, हे मी मुद्दाम सांगते. ती नियम विसरली नव्हती. पुढच्या टोकापासून ठोकत निघाली. टण्ण, टण्ण, टण्ण. मी प्रत्येक ठोक्याला जीव तोडून उत्तर देत होते. ती स्वयंपाकघरात आली. पेटी काठोकाठ भरलेली होती. लहानपणी तिने दिवा धरला तेव्हा बाप पेटी सोडूनच पुढे जात असे, कारण तेव्हा तिथले लोखंड जाड होते. तीही पेटी सोडून पुढे गेली. पुढे टण्ण. त्याच्या पुढेही टण्ण.

मित्रांनो, नावेला तोंड नसते. तिला फक्त ठोकले तरच बोलता येते.

मग रंगाचे डबे उघडले. बाहेरून काळे डांबर, खिडक्यांना पांढरा रंग. पितळ राखेने घासले. नवे दोर गुंडाळून ठेवले. खिडक्यांखाली लाल फुलांच्या कुंड्या टांगल्या. काठावरून जाणारे लोक थांबून बघू लागले. इतकी देखणी मी कितीतरी वर्षांत दिसले नव्हते, फक्त वाकडी होते. एका दुपारी तिने कांद्याचे सूप केले आणि टेबलाशी एकटीच जेवायला बसली. सूप थाळीच्या उजव्या काठाला जाऊन थांबले. तिने थाळीखाली पावाचा तुकडा सरकवला. तिचा बाप गेल्या हंगामात पाहुण्यांच्या थाळ्यांखाली असेच तुकडे ठेवी, आणि पाहुण्यांना तो त्याचा विनोद वाटे. तिला तो विनोद वाटला नाही. एक म्हातारा, एकटा माणूस हळूहळू सगळ्याकडे दुर्लक्ष करू लागला होता आणि आपण दिजाँला पुस्तके लावत होतो, असे तिला वाटले असावे. तिने तुकडा काढून घेतला आणि उठून फरशीची फळी उचलली.

पहिला दगड तिने उजवीकडून उचलला तेव्हा मी थरथरले. तिला ते दुसऱ्या नावेच्या लाटेमुळे वाटले.

ती बापासारखीच काम करते. दगड उचलायचा, चार पावले, ठेवायचा, पाठ सरळ करायची. तेच दगड, तीच पावले, फक्त उलट्या दिशेने. टेबलावर तिने पाण्याचा पेला ठेवला होता. मधूनमधून त्याच्याकडे बघे. पेल्यातले पाणी सरळ होत होते, आणि बाहेर माझ्या डाव्या कुशीवर पाणी वर चढत होते. एक बोट. दोन बोटे. बापाच्या कामातली एक खोट आपण दुरुस्त करतो आहोत, या विचाराने असेल, तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. तिला थांबवायला माझ्याजवळ काहीच नव्हते. शेवटचा दगड तिने जागेवर बसवला, पेल्याजवळ जाऊन खाली वाकून पाहिले आणि म्हणाली, "झालं, पापा."

चार बोटे पाणी थकलेल्या जागेवर येऊन टेकले होते.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. बापाने लाल रंग मनापासून लावला होता. दुसऱ्या दिवशी रंगाला एक फोड आला. मग फोडाच्या कडेने एक थेंब आला, फळीमागे उतरला आणि कोळशात नाहीसा झाला. त्यानंतर थेंब थांबले नाहीत. वरचा कोळसा कोरडा होता. शेगडी नीट पेटत होती. बुडातला पंप, जो महिन्यातून एखादे वेळी आपोआप सुरू होतो, तो रोज सुरू होऊ लागला. थोडा वेळ गुरगुरे आणि बंद होई. सोलांज मान वर करून ऐके. पाऊस पडून गेला होता. पावसाचेच पाणी, असे समजून ती कामाला लागे. तिने पिण्याच्या पाण्याच्या टाक्या भरल्या, डिझेल भरले. मी आणखी खाली बसले.

मला समोरचे दिसत होते. शनिवारी पाहुणे येणार. जेवणाच्या वेळी आम्ही पहिल्या दरवाजात शिरणार. दगडी भिंत माझ्या डाव्या कुशीला घासणार, नेमकी पाण्याच्या रेषेशी, जिथे ती नेहमीच घासते. दोन्ही दरवाजे बंद असताना, माणसे टेबलाशी बसलेली असताना. अरुंद दगडी पेटीत नाव बुडते तेव्हा ती शांतपणे बुडत नाही.

शुक्रवारी दुपारी लेओंतीन कॉफीला आली. काठी टेकत, फळीवरून पुटपुटत माझ्यावर चढली. सोलांजने तिच्यापुढे लहान कप ठेवला. लेओंतीनने सवयीने कपाच्या बशीखाली पावाचा तुकडा सरकवला आणि कॉफी डावीकडे कलंडली. तिने तुकडा काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.

"अगं, ही सरळ झाली!"

"मी केली. दगड हलवले."

"एकटीने?"

"मग काय. तुला बोलावलं असतं तर तू दगडांवर बसून गप्पा मारल्या असत्यास."

"मारल्या असत्या," लेओंतीन म्हणाली. "तुझा बाप हलवत होता तेव्हाही मारल्या. काठावर बसून हसत होते मी त्याला. खिडकीतून दिसायचा ना. एक दगड न्यायचा आणि भिंतीला टेकायचा, एक न्यायचा आणि टेकायचा. म्हटलं, अरे गाढवा, कशाला मरतोस?"

सोलांजच्या हातातला कप तसाच राहिला. "पापा हलवत होते? दगड सरकले असतील आपोआप, असं वाटलं मला. त्यांनी लक्ष नाही दिलं, असं."

"दगडांना पाय असतात का? गेल्या वसंतात हलवले त्यानं. किती दिवस लागले, विचारू नकोस."

"मावशी, तेव्हा त्यांना जिना चढता येत नव्हता."

"तेच तर म्हणते मी."

लेओंतीन कपाकडे बघत राहिली. सोलांज खिडकीकडे. मग तिने हळू आवाजात, जणू लहान मुलाला समजावते तशी, एकेक शब्द ठेवला. "ज्या माणसाला जिना चढता येत नाही, तो नाव वाकडी करायला दगड वाहत नाही. डावी बाजू वर उचलायला वाहतो."

त्या क्षणी बुडातला पंप गुरगुरला. बंद झाला. आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

"पावसाचं असेल," लेओंतीन म्हणाली, पण ती काठी शोधत होती.

"चार दिवस पाऊस नाही."

सोलांज डावी भिंत हाताने चाचपत निघाली. स्वयंपाकघरात तिचा हात कोळशाच्या पेटीवर येऊन थांबला. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कोळसा उपसू लागली. वरचा कोरडा. मधला गार. तळाचा ओला, चिखलासारखा. मग फळी. ही फळी तिने आधी कधी पाहिली नव्हती. तिने ती खेचून काढली, आणि मागे तो लाल रंग दिसला. नवा, भरपूर, दोन हातांचा. कडेला आंसेल्मच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. ब्रश कोपऱ्यात जात नव्हता म्हणून त्याने बोटांनीच लावला होता.

तिने ठशांवर आपली बोटे ठेवली. तिची बोटे त्यांच्या आत बसली. आणि तिच्या तळहाताखाली मी फुटले.

मला आवाज करता आला नाही. पापुद्रा निघावा तसा पत्रा आत वळला आणि पाणी तिच्या मनगटावरून उडून छातीवर आले. ती मागे सरली नाही. तिने तळहात तिथेच दाबून धरला.

"मावशी!"

"आले, आले! ओरडू नकोस, पाणी घाबरत नाही." लेओंतीन गुडघ्यांवर आदळत खाली बसली. "चरबी कुठंय? इंजिनाजवळ बापाचा डबा असेल. आणि काहीतरी जाड. गोधडी, कोट, काही."

सोलांज हात काढू शकत नव्हती. लेओंतीनच फरफटत गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे चरबीचा डबा होता आणि खुंटीवरचा आंसेल्मचा जाड लोकरी कोट. सोलांजने कोटाकडे पाहिले. लेओंतीनने त्याच्या पाठीला चरबी थापली, घडी करून भोकावर दाबली, वरून तीच फळी लावली आणि फळीला आपली पाठ टेकून, पाय शेगडीला रेटून बसली.

"आता मी इथंच. नवऱ्याचं तोंड चाळीस वर्षं असंच दाबून धरलं, हे भोक काय आहे. तू जा. जा ना, बघतेस काय? उचल तिला!"

सोलांजने आधी उपसलेला कोळसाच उजवीकडे फेकला, फावड्याने, खिडकीतून डेकवर, जमेल तसा. मग फळ्या उचलल्या. एक दगड, चार पावले, ठेवायचा. टेकायला ती थांबली नाही. डांबराने माखलेल्या नखांतून रक्त येत होते. तिच्या अंगावरचे पाणी, घाम, कोळसा सगळे एक झाले होते. दगड उचलताना ती काहीतरी पुटपुटत होती. मी नीट ऐकले. "का नाही सांगितलंत. का नाही सांगितलंत." प्रत्येक दगडाला तेवढेच. लेओंतीनने ते ऐकले आणि एवढी तोंडाळ बाई, पण एकही विनोद केला नाही. तिची पाठ भिजली होती. ती म्हणाली, "विचारायला मीही होते ना गं इथं. मी हसत बसले."

टेबलावरच्या पेल्यातले पाणी तिरके होऊ लागले. कप घरंगळला आणि फुटला. मी उजव्या कुशीवर वळत होते. अंधार पडायच्या आत लेओंतीन एकदम म्हणाली, "थांब. पाठीला आता पाणी लागत नाही."

त्यांनी फळी काढली. मग कोट काढला. भोकातून पाणी आले नाही. मावळतीचे ऊन आले. तळहाताएवढा उजेडाचा तुकडा, काळ्या चिखलावर पडलेला. बाहेरच्या पाण्याच्या लाटा त्यात हलत होत्या. आंसेल्मने मला ज्या कोनात ठेवले होते, नेमक्या त्याच कोनात मी पुन्हा उभी होते. सोलांज त्या उजेडासमोर बसली आणि मग ती रडली. लेओंतीनने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिचे हात चरबीने भरले होते. ती नुसती शेजारी बसून राहिली.

पाहुण्यांना नकार कळवला गेला. भोकावर लोखंडी चकती ठोकून मला तशीच कलती, अगदी हळू, आम्ही जिथे बांधलेले असू त्याच धक्क्यावरच्या या गोदीत आणले. दरवाजा बंद झाला, पाणी उपसले, आणि पाणी उतरत गेले तसतशी मला माझ्या वजनाची जाणीव होत गेली. दुसऱ्या दिवशी भोकावरची चकती काढून सोलांज हातोडी घेऊन बाहेरून फिरली. या वेळी तिने काहीच सोडले नाही. वर्तुळ तिनेच काढले आहे. वर्तुळाच्या बाहेर दोन ठिकाणी ती थांबली, कान लावला, पुन्हा ठोकले आणि खडू हातात तसाच धरून राहिली. तिथे तिने काही काढले नाही. मी काय उत्तर दिले ते मला माहीत आहे. तिलाही ऐकू आले असावे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वाकडी वस्तू असेल. एका कुशीवर कललेले कपाट, एक पाय उचलून ठेवलेली खाट, कोपऱ्यात उगीच ठेवलेला जड दगड. ती सरळ करण्याआधी विचारा, हे असे कोणी ठेवले? आणि तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस गुपचूप दगड वाहत असेल तर हसून पुढे जाऊ नका. त्याला थांबवा आणि बोलते करा. आणि तुम्हीच जर ते माणूस असाल, तर माझ्यासारखे मुके राहू नका. मला इलाज नव्हता. तुम्हांला आहे. प्रेम चार बोटे उचलून धरते हे खरे, पण उचलणारा गेल्यावर ते दुसऱ्याला कसे कळावे?

आज दुपारी गोदीचा माणूस उद्याची तयारी बघायला आत आला होता. त्याने ज्योतीची नळी पाहिली, खडूचे वर्तुळ पाहिले, मग फळी उचलून खाली डोकावला.

"बाई, हे काय? सगळे दगड एकाच बाजूला? काम करायला अडचण होईल. काढून टाकतो."

"काढा," सोलांज म्हणाली. मग तिने हात वर केला. "पण थांबा. आधी बसा. ते तिथं कुणी ठेवले आणि का, ते तुम्हांला सांगते."

तो बसला. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. माझ्या डाव्या कुशीतल्या भोकातून ऊन आत येत होते. उद्या ज्योतही तिथूनच आत येणार आहे.